कढत दुधातलं विरजण

"साहेब, रुको जरा," म्हणत शालिग्राम वशीसाहेबांच्या वाटेतच उभा राहिला.

वशीसाहेब बडोद्याच्या प्रयोगशाळेतून आले होते. त्यांच्या कॅनमधलं तपकिरी पाणी म्हणजे जंतूंकडून करून घेतलेलं एंझाइम. ते उसाच्या चिपाडाच्या लगद्यात टाकलं की मळ सुटतो आणि लगदा पांढरा करायला क्लोरीनचा गॅस कमी लागतो, असं साहेबांचं म्हणणं. दोनदा टाकून झालं होतं. दोन्ही वेळा लगदा साहेबांच्या तोंडासारखाच काळवंडलेला राहिला. आज तिसरी आणि शेवटची खेप. हीही फसली तर कॅन बडोद्याला परत आणि गॅस होता तेवढाच, असं शेठनी सांगून टाकलं होतं.

गुजरातेतल्या पलसाण्याच्या त्या पेपर मिलमध्ये गॅसची झडप बारा वर्षं शालिग्रामच्या हाती होती. आठ वर्षांपूर्वी त्याचं नाक गेलं. म्हणजे नाक जागेवर होतं, वास गेला. आता खोकला छातीत उतरला होता. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, एक तर गॅस कमी होऊ दे, नाहीतर नोकरी सोड. नोकरी सुटली की मिलच्या चाळीतली खोली सुटणार आणि लेकीची, योगिताची, दहावीही. शालिग्राम मनातून पुरता घाबरला होता.

गेलेल्या नाकाचा एक फायदाही होता. ताटात पडेल ते शालिग्राम मुकाट खाई. मालतीबाई स्टोव्हवर डाळ चढवून शेजारच्या धुरपदाबाईंच्या ओट्यावर जात, त्या गप्पा संपल्यावरच परत येत. तरी नवऱ्याची तक्रार म्हणून नाही. नवरा असावा तर असा, असं चाळीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवत. दही मात्र मालतीबाईंचं फर्मास असे. ते आपलं आपण लागतं.

सकाळी डबा भरताना शालिग्रामने बायकोला एंझाइमचं रडगाणं ऐकवलं.

"जंतू म्हंजे इरजनच ना ते?" मालतीबाई म्हणाल्या. "कढत दूधमा कोनी इरजन लावस का? साहेबले सांगा, आगोदर करंगळी बुडाडीसन पाहा."

म्हणून तो आता वाटेत उभा होता.

"माल बहुत गरम है, साहेब. पहले उंगली डाल के देखो."

"कांटो पचास बतावे छे," टाकीवरच्या तापमापकाकडे बोट दाखवत साहेब म्हणाले. "चोपडीमां पण पचास ज लखेलुं छे."

"वो कांटा तो दस साल से पचास ही बताता है. टाकी खाली हो, तब भी."

अख्ख्या मिलला हे ठाऊक होतं. साहेबांनी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी लगद्यात बोट घातलं आणि आईचं नाव घेतलं. मग गार पाणी सोडत सोडत, शालिग्रामची करंगळी जेमतेम सोसेल इतपत लगदा निवू दिला आणि कॅन ओतला. त्या दिवशी पाव हिस्सा गॅस कमी लागला आणि लगदा पांढराशुभ्र निघाला. शेठनी साहेबांना शाल दिली. शालिग्रामला पेढा मिळाला.

महिने गेले. खोकला उतरत गेला. एका दुपारी शालिग्राम जेवायला बसला, पहिला घास तोंडाशी नेला आणि तसाच थांबला. त्याने ताट उचलून नाकाशी धरलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ वर्षांनी त्याला वास आला होता.

"योगितानी माय," तो म्हणाला, "दाय करपनी का व?"

मालतीबाईंनी हातातला डाव खाली ठेवला.

"सकाय साहेबले सांगा," त्या म्हणाल्या, "ते इरजन कढत दूधमाच टाका."