भैरूआबांचं फुकटचं प्यादं

"घे की," भैरूआबा म्हणाले. "फुकटचं हाय."

राजाशेजारच्या उंटापुढलं प्यादं त्यांनी उघड्यावर टाकलं होतं. राजाचं दारच सताड उघडं. असला डाव शहाणा माणूस मांडत नाही. पण याच प्याद्याला भुलून विजयश्रीला मागणी घालायला आलेले तिघं हरले होते. एक तर म्हणे असा पळाला की त्याच्या चपला अजून आबांच्या ओट्यावर आहेत.

"मला हरवील त्याच्याच घरी सोयरीक," असा आबांचा शब्द. आणि नातीच्या लग्नात त्या घरात दुसऱ्या कुणाचा शब्द चालत नव्हता.

ज्ञानेशचा पाय टेबलाखाली थांबतच नव्हता. चाकणच्या रस्त्यावरून कंटेनर गेला की सोंगट्या थरथरायच्या आणि त्याला वाटायचं, आपल्याच पायानं. सेकंड शिफ्टची बस नाक्यावर यायची वेळ झाली होती.

खेळाआधी आबांनी विचारलं होतं, "नियम आमच्या गावचं. चालंल?"

"प्यादं एकच घर सरकवायचं, तेच ना? चालेल, आबा."

आबा नुसते मिशीत हसले होते.

या डावाचं उत्तर त्यानं मोबाईलवर घोटून ठेवलं होतं. प्यादं घ्यायचं, मग निवांत आपले मोहरे बाहेर काढायचे. पण काल कंपनीत विजयश्री म्हणाली होती, "प्यादं गेलं खड्ड्यात. आधी वजिरानं शह दे."

"अगं, ते प्यादं आडवं घालतील, वजीर परत न्यावा लागेल. चाल वाया."

"जाऊ दे वाया. आणि का ते विचारू नकोस. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं."

त्यानं प्यादं सोडलं. वजीर तिरका नेला.

"शह."

आबांनी घोड्यापुढलं प्यादं एक घर सरकवलं. वजीर निमूट मागं फिरला.

"मोबाईलवर हेच शिकिवत्यात व्हय? दारावर टकटक करायची अन् पळायचं?"

ज्ञानेशचे कान तापले. पण उघड्या दाराचं घर ते उघडंच. हळूहळू आबांचे मोहरे कोंडले गेले. ज्ञानेशचा वजीर राजाजवळ येऊन बसला. पुढच्या चालीला मात, पळायला जागा नाही. नाक्यावर बसचा हॉर्न वाजला तसा तो अर्धा उठलाच.

"बस खाली," आबा म्हणाले. त्यांनी राजा उचलला, घोड्यासारखा अडीच घरं उडवला आणि ज्ञानेशचा वजीर मारून मांडीवर ठेवला. "आमच्यात राजा येकदा घोड्यावानी उडतो. च्या पिऊन जा. अन् चपला इसरू नको."



विजयश्रीनं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला. आबांच्या मांडीवरचा वजीर उचलून पुन्हा पटावर, होता तिथं ठेवला.

"उडतो ना, आबा," ती म्हणाली. "पण एकदा शह बसला की मग त्या राजाला उडता येत न्हाई. तुम्हीच शिकवलंय मला."