कुंपणापलीकडचं पिंप

सिथाबिलेनं चुलीतली गार राख डब्यात भरली, इकडेतिकडे पाहिलं आणि तारेच्या कुंपणावरून भिरकावली. अर्धी वाऱ्यानं नेली. उरलेली शेजारणीच्या पिंपात पडली. त्यात एस्नाथची लाल ज्वारी भिजत होती, उद्याच्या कोंबडीखाद्यासाठी.

"खा म्हणावं आता," असं पुटपुटत ती घरात गेली. तिला फार बरं वाटलं.

ग्वांडाजवळच्या त्या वस्तीत मांसाच्या कोंबड्या पहिल्यांदा पाळल्या त्या सिथाबिलेनं. खाणीच्या खानावळीला कोंबड्या पुरवायचं काम तिचंच. पिल्लांना ऊब कशी द्यायची, पाणी कधी बदलायचं, हे एस्नाथला तिनंच शिकवलं होतं. आणि आता तीच एस्नाथ तिच्या तोंडचा घास पळवायला निघाली होती. खानावळीचे मोयोसाहेब सांगून गेले होते, यंदा एकीकडूनच घेणार, जिच्या कोंबड्या वजनात भरतील तिच्याकडून.

बरं, एस्नाथला कमी काय होतं? मुलगा जोहान्सबर्गला. त्यानं आईला गॅसची शेगडी पाठवली होती. तेव्हापासून तिच्या घरातून धूर निघेनासा झाला आणि तिची पातेली आरशासारखी चमकू लागली. मोपानीची लाकडं फोडून फोडून सिथाबिलेच्या हातांना घट्टे पडले होते. ती पातेली तिच्या डोळ्यांत खुपायची.

त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. मका औषधालाही मिळेना, म्हणून सगळ्या बायकांनी कोंबड्यांना लाल ज्वारी सुरू केली. ती इतकी कडवट की कणसावर असताना पाखरंही तिला चोच लावत नाहीत. लोक ती लावतात ते त्याचसाठी. कोंबड्या नाइलाजानं खायच्या, पण अंगाला काही लागायचं नाही. सिथाबिलेच्या खुरटल्या, एस्नाथच्याही खुरटल्या. राखेनं तिच्या आणखी खुरटतील, एवढाच सिथाबिलेचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कान टवकारून बसली. आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत. एस्नाथनं गुणगुणत ज्वारी उपसली, खळखळून धुतली, वाळवली आणि भरडली.

'बया आंधळी आहे की बावळट?' सिथाबिलेला प्रश्न पडला. संध्याकाळी तिनं पुन्हा राख टाकली.

थोड्या दिवसांनी बघते तर एस्नाथ पिंप ढकलत ढकलत कुंपणाशी आणत होती.

"इकडं कशाला आणतेस गं?" सिथाबिलेनं विचारलं.

"तिकडं ऊन फार, थाबी. इथं तुझ्या मारुलाच्या झाडाची सावली पडते."

"आणि झाकण?"

"मोडलं. झाकायचं तरी कुणापासून? शेजार तुझ्यासारखा असल्यावर?"

सिथाबिलेनं मान खाली घातली. मनातून मात्र तिला उकळ्या फुटत होत्या. एस्नाथ रोज संध्याकाळी चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला जायची, पिंप उघडं टाकून. आता राखेचा कणही वाया जात नव्हता.

पण झालं भलतंच. एस्नाथच्या कोंबड्या अंग धरू लागल्या. छात्या भरल्या, चाल जड झाली. सिथाबिलेची झोप उडाली. तिनं राख दुप्पट केली, तर कोंबड्या आणखीच गुबगुबीत. ही चोरून मका घालते, तिचं पोरगं तिकडून पोती पाठवतंय, अशी तिची खात्रीच पटली.

वजनाच्या दिवशी मोयोसाहेबांनी एस्नाथची कोंबडी काट्याला टांगली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"काय घालतेस हिला?"

"सगळ्या घालतात तेच, साहेब. लाल ज्वारी."

"एवढंच?"

"आणि शेजाऱ्यांचे आशीर्वाद."

बायका खो खो हसल्या. सिथाबिलेच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आशीर्वाद कसले! मका घालते ती! जोहान्सबर्गचा पिवळा मका!"

मोयोसाहेबांनी कोंबडीचे पाय तिच्यासमोर धरले. "पिवळा मका खाल्ला असता तर पाय पिवळे झाले असते, बाई. हे बघ, पांढरेफटक. ज्वारीच आहे ही. तू मात्र जुनी जाणती असून हे बोलावंस?"

काम एस्नाथला मिळालं. सिथाबिले घरी आली, दार लावून घेतलं आणि पोटभर रडली. इतकी वर्षं खाणीवर तिच्या कोंबड्या शिजत होत्या. आता रस्त्यातली पोरंटोरंही एस्नाथचं नाव घेणार होती. तिनं राखेचा डबा कोपऱ्यात फेकून दिला. आता कुणाचं वाईट करून काय उपयोग होता?

एस्नाथनं नवीन पिल्लं आणली. एका संध्याकाळी ती सरावाला न जाता कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"थाबी, बरी आहेस ना? चूल पेटवत नाहीस की काय हल्ली?"

"पेटवते. तुला काय करायचंय?"

"नाही, म्हटलं, बरेच दिवस संध्याकाळची तुझी चाहूल नाही." एस्नाथनं आवाज खाली आणला. "नव्या पिल्लांच्या अंगाला पुन्हा काही लागेना बघ. राखेच्या पाण्यात भिजली की ज्वारीचा कडवटपणा जातो, हे तू पहिल्यांदा राख टाकलीस तेव्हाच मला उमगलं. पण माझ्याकडं गॅस. मी राख आणू कुठून?"

सिथाबिलेनं आधी पिंपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मागितली असती तर तू दिली नसतीस," एस्नाथ म्हणाली. मग तिनं दोन्ही हातांनी पिंप धरलं आणि ओढत आणून पार तारेला टेकवलं. "पोचेल ना आता हात?"