आजोबांचं पांघरूण

परदेशी जहाजाच्या दाढीवाल्या कप्तानाने नकारार्थी मान हलवली आणि किटपूची बीव्हरची दहाच्या दहा नवीकोरी कातडी बाजूला सारली.

किटपूचा चेहरा पडला. तांब्याच्या एका पातेल्यासाठी तो चार दिवस होडी वल्हवत मामाच्या खाडीवर आला होता. बायकोला दिवस गेले होते. लाकडी कुंडात तापलेले दगड टाकून रस्सा शिजवताना आता तिचा जीव मेटाकुटीला यायचा.

कप्तानाचं बोट टियाममामाकडे वळलं. मामाच्या अंगावरचं पांघरूणही बीव्हरचंच होतं, पण राठ केस झडलेलं, घामाने आणि अस्वलाच्या चरबीने काळं पडलेलं. कुत्रीसुद्धा वाऱ्याची दिशा बघून मामाजवळ बसत.

"हे?" मामा दोन पावलं मागे सरला. "आजोबांनी मरताना माझ्या खांद्यावर घातलंय हे!" शब्द कळणार नाहीत म्हणून त्याने वाळूत आडवं पडून आजोबा मरूनही दाखवले.

कप्तानाने एक पातेलं पुढे केलं. मामाने डोळे पुसले.

"देऊन टाका हो," प्लावेचमामी म्हणाली. "आजोबा काय थंडीने कुडकुडणारेत आता?"

"तुला काय त्याचं? तुझे होते का ते?"

दुसरं पातेलं आलं. मामा मटकन खाली बसला आणि हुंदके देऊ लागला.

किटपूला बघवेना. "मामा, नको देऊस! मला पातेलं नको, काही नको—"

मामीने त्याच्या पायावर असा पाय दिला, की पुढचं वाक्य घशातच अडकलं.

वर एक कुऱ्हाड आणि दोन सुऱ्या आल्या, तेव्हा कुठे मामाने पांघरूण काढलं, शेवटचं हुंगलं आणि खोकत खोकत देऊन टाकलं. राठ केस झडून उरलेली मऊ लव कप्तानाने चोळून पाहिली, अशाच लवेच्या आपल्या टोपीवर थोपटलं आणि पांघरूण पोटाशी धरलं. खलाशी एकमेकांना कोपरखळ्या मारत हसत होते.

जहाज भूशिराआड गेलं. उघड्या मामाशेजारी बसताना किटपूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्यामुळे तुझ्या आजोबांची आठवण गेली, मामा."

मामीने एक पातेलं त्याच्या मांडीवर ठेवलं, त्याची दहा कातडी ओढून घेतली आणि हाडाच्या सुईत दोरा ओवला.

"या कातड्यांचं पांघरूण शिवून देते. दोन हिवाळे अंगावरून काढायचं नाही, धुवायचं तर मुळीच नाही," ती म्हणाली. "यांचे सात आजोबा विकून झाले. आता तुझे काढू."