उष्ट्या ताटातलं औषध

"हे जंतू तुमच्या नवऱ्याकडून आलेत," पडद्यावर जंतूंची वंशावळ दाखवत डॉक्टर म्हणाल्या. "त्यांनी गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडला, म्हणून जंतू चिवट झाले. तुमच्या जठरातला व्रण त्या जंतूंमुळेच."

वीस वर्षं हेमांगी नवऱ्याच्या, दिगंबरच्या उष्ट्या ताटात जेवत होती. सासरची रीतच तशी. पोट धरून बसली की तो म्हणायचा, "सगळं तुझ्या मनात आहे."

डॉक्टरांनी कुपी पुढे केली. "यातले पाळीव जंतू या आजाराला लागणारी चारही औषधं पोटातच बनवतात. पथ्य एकच, उष्टं कुणाला देऊ नका. लाळेतून ते दुसऱ्याच्या पोटात घर करतात, आणि वर दारू घेतली तर माणूस ओकून ओकून बेजार होतो."

हेमांगीनं कुपी पिऊन टाकली. त्या दिवसापासून ती दिगंबरचं ताट वाढायची, स्वयंपाकघरातच त्यातले चार घास खायची, भाताची मूद पुन्हा नीट करायची आणि ताट बाहेर नेऊन त्याच्यापुढे ठेवायची.

शनिवारी पहिल्याच पेगनंतर दिगंबर मोरीकडे धावला. "हेमा, मेलो गं! काय होतंय हे?"

पाण्याचा तांब्या घेऊन ती दारात उभी राहिली.

"काही नाही हो. सगळं तुमच्या मनात आहे."