राखीव जंगलातला दगड

राष्ट्र आपल्या हुतात्म्यांना कधीही विसरत नाही. म्हणूनच सत्तावनच्या बंडाला शंभर वर्षं झाली तेव्हा धानोऱ्याकडच्या कोलू गोंडाला तहसीलदारांचं पत्र आलं: इंग्रजांनी फाशी दिलेल्या आपल्या पणजोबांचा पंधरा ऑगस्टला गौरव होईल.

कोलू हरखला. इंग्रजांनी मढं दिलंच नव्हतं, त्यामुळे मेलेल्याच्या नावाने गावाबाहेर दगड उभा करायची गोंडांची रीत, तीही राहून गेली होती. त्याने जंगलातून पुरुषभर उंचीचा दगड बैलगाडीत घालून आणला. नाक्यावर फॉरेस्ट गार्डाने गाडी अडवली.

"दगड सरकारी माल आहे. परवाना कुठी?"

"भाऊ, ज्याच्यासाठी आणला, तो याच जंगलापायी इंग्रजासंग लढला."

"म्हंजे घरचीच सवय आहे म्हन."

दगड जप्त झाला. जप्तीचा माल हलवता येत नाही, म्हणून तहसीलदारांनी समारंभच वनखात्याच्या आवारात नेला. दगडाला हार घातला, पोलिसांनी सलामी दिली, कोलूला शाल मिळाली.

"साहेब, आता गावात नेऊन गाडू काय?" कोलूने विचारलं.

"ते कोर्ट ठरवेल," तहसीलदार म्हणाले.

कोलूवरच्या दगडचोरीच्या खटल्याची तारीख सोळा ऑगस्टची होती.