चौथी नळी

तिसऱ्या नळीचा आकडाही दोनशे चारच आला, तेव्हा अंशुमनच्या पोटात दुखायला लागलं.

टेस्ट बेंचची मोटर घोंघावत होती. बेंचवर वरदाचा मॅनिफोल्ड बसवला होता. इंजिनाच्या चार सिलिंडरांना हवा वाटून देणारा, चार नळ्यांचा ॲल्युमिनियमचा भाग. एका वेळी एकच नळी बेंचच्या भोकावर बसवायची, बेंच तिच्यातून हवा खेचतो, आणि किती आली ते स्क्रीनवर दिसतं. मघाशी अंशुमनच्या स्वतःच्या मॅनिफोल्डने पहिल्याच नळीतून दोनशे बारा घेऊन दाखवली होती. वरदाने टाळ्या वाजवल्या होत्या. शेवटच्या नळीने मात्र एकशे नव्वदवर अंग टाकलं, तेव्हा तिने सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं होतं.

आणि ग्लेनला, म्हणजे वर्कशॉपच्या मालकाला, मोठा आकडा नकोच होता. चारही सिलिंडरांना सारखी हवा हवी होती. एकाला जास्त, एकाला कमी मिळाली की भर रेसमध्ये कुठला तरी पिस्टन जळतो. सोमवारी तो दोघांपैकी एकाचा मॅनिफोल्ड निवडणार होता, आणि ज्याचा निवडेल त्याला डिझाइनचा प्रमुख करणार होता. ती खुर्ची अंशुमन मनातल्या मनात केव्हाच झाडूनपुसून बसला होता.

वरदाला इथे लावलं ते त्यानेच. बेंच कसा चालवायचा, आकडे कसे वाचायचे, सगळं त्यानेच शिकवलं. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेली पोर, त्याला दादा म्हणायची. तिचं चांगलं व्हावं असं त्याला अगदी मनापासून वाटायचं. फक्त आपल्यापेक्षा थोडं कमी. आता तीच डोक्यावर मिऱ्या वाटायला निघाली होती, आणि तीही मुद्दाम नव्हे, हसतखेळत. त्याचाच जास्त राग येत होता.

"चौथा लाव ना, दादा. आय कान्ट वॉच." वरदा नखं कुरतडत होती.

अंशुमनने चौथी नळी बेंचवर बसवली, बोल्ट आवळले, मोटर चालू केली.

एकशे ऐंशी.

"व्हॉट? नो, नो. परत बघ."

त्याने परत पाहिलं. एकशे ऐंशीच. अंशुमनच्या छातीवरचं ओझं उतरलं. एवढं बरं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. चेहरा मात्र त्याने पडलेला ठेवला, आणि करायचं म्हणून टॉर्च घेऊन वरच्या तोंडातून आत पाहिलं.

खाली, नळी जिथे बेंचला टेकते तिथे, हवा गळू नये म्हणून मध्ये घालायच्या रबरी गॅस्केटची काळी कड आत सरकली होती. हवेची वाट तिनेच अडवली होती. बसवताना त्याच्याच हातून झालं होतं. नळीत काही म्हणजे काही दोष नव्हता.

"काय दिसतंय?" वरदाने विचारलं.

"काही नाही," अंशुमन म्हणाला आणि मोटर बंद केली.

"गॅस्केट सरकला असेल का?" मग तिचं तिनेच डोकं हलवलं. "पण तू बसवलास ना. तुझ्याकडून नाही होणार तसा."

त्याने बोल्ट सोडवले. मॅनिफोल्ड उचलताना गॅस्केट बेंचवरच राहिली. ती त्याने फडक्याखाली सारली. वरदाने नळीत बोट घातलं, पार खांद्यापासून जोर लावून.

"आत बेंडजवळ बंप आहे, आय थिंक. पण माझा बोट तिथे पोचत नाही नीट. तू बघ ना."

अंशुमनने आपलं लांब बोट आत घातलं. वळणापर्यंत, वळणाच्या पलीकडे. नळी काचेसारखी गुळगुळीत होती. इतकं साफ काम त्याच्या हातून एकदाही झालं नव्हतं. त्याने बोट पुन्हा एकदा फिरवलं, कुठे खडबड सापडते का म्हणून. सापडली असती तर किती बरं झालं असतं.

"आहे," तो म्हणाला. "वळणावर. थोडासाच उंचवटा आहे."

"आय न्यू इट! ओतताना राहिला असणार." तिचा चेहरा उजळला. चूक सापडली की ती अशीच उजळायची. तिने ग्राइंडर उचलला, त्याला बारीक दगड लावला, मॅनिफोल्ड शिकंज्यात धरला आणि थबकली. "दादा, पण हा एकच पीस आहे माझ्याकडे. जास्त घासला तर नळी मोठी होणार, मग बॅलन्स गेलाच. मंडेच्या आधी दुसरा नाही मिळणार. घासू?"

गेलेला धातू परत येत नाही, हे तिला त्यानेच पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. थांब, एकदा गॅस्केट बघू, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य ओठांपर्यंत आलं. त्याला स्क्रीनवर चौथ्यांदा दोनशे चार दिसले. सोमवारी ग्लेन तिच्याशी हात मिळवताना दिसला, आणि ती "हे सगळं दादाने शिकवलं" म्हणताना दिसली. ते तर त्याला मुळीच सहन झालं नसतं.

"तू म्हणशील तसा करते," वरदा म्हणाली.

अंशुमनने भिंतीवरचा गॉगल काढून तिच्या डोळ्यांवर चढवला. पट्टा सैल होता. मागे जाऊन त्याने तो नीट आवळून दिला, केस न ओढता.

"डोळ्यांत कण जातात," तो म्हणाला. "हं. आता कर सुरू."