वावळकोंडची एकगठ्ठा मतं

तात्यासाहेबांनी नारळ फोडला आणि वावळकोंडच्या तलावाचं भूमिपूजन पुन्हा एकदा पार पडलं.

पुन्हा म्हणजे काय, दर निवडणुकीला व्हायचंच ते. नदीकाठचा तोच खडक, तेच भाषण. "तलाव झाला की पाणीच पाणी." बदलायचा तो फक्त गळ्यातला गमछा, कारण मधल्या काळात साहेबांनी पक्ष बदललेला असायचा. हा गृहस्थ काळ्या केसांनी आमदार झाला आणि पांढऱ्या केसांनीही आमदारच राहिला. विधानसभेत तोंड उघडलं ते जांभई द्यायला. एका ओढ्यावर साकव बांधला होता म्हणे; तो पुढच्याच पावसात गेला. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, सगळी कारकीर्द त्यावर निघाली. तलावाचा नकाशा त्यांनी कधी उघडून पाहिला असेल, तर शपथ.

आणि वावळकोंडची माणसं तरी काय सांगावीत. कुडपणच्या कड्याखाली, नदीला लागून बसलेलं एवढंसं गाव. निम्मी घरं मुंबईला. पण मतदान आलं की गाड्या करून हजर, आणि एकूण एक मत तात्यासाहेबांना. गावकीची रीतच तशी. पंच बोट दाखवतील तिकडं सगळं गाव, कारण विचारायचं नाही. खाली कापडे गावच्या बाजारात लोक त्यांना तोंडावर हसायचे. मेंढरं परवडली, म्हणायचे.

या खेपेला मात्र साहेबांची खुर्ची खरंच डुगडुगत होती. समोर अनुपमाताई उभ्या होत्या. महाडच्या निवृत्त मुख्याध्यापिका. जिल्हा परिषदेत होत्या तेव्हा बोलल्या ते करून दाखवलेलं. खालची सगळी गावं त्यांच्या बाजूला गेली. राहता राहिलं वावळकोंड.

देवळात गावकी बसली. प्रितम तावातावानं उठला. जन्म मुंबईतला, नोकरी मुंबईत, गावाला यायचा तो शिमग्या-पाडव्यापुरता.

"काका, सिरियसली सांगा. या माणसानं आजवर एक तरी शब्द पाळलाय?"

"नाय," गावकीचा अध्यक्ष पांडू म्हणाला.

"तलाव तलाव म्हणून तोंडाला पानंच पुसतोय ना?"

"हाय खरं."

"मग? मी स्वतः बाईंना भेटलोय. निवडून आल्या की पहिलं काम तुमचा तलाव, असं म्हणाल्या."

"बाई करील?" पांडूनं विचारलं.

"गॅरंटी. बाकीच्या वाड्यांना नळ आणलेच ना त्यांनी?"

पांडूनं पानाची चंची मिटली. खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्या रंगूबाईकडं पाहिलं. गावात तिच्याहून मोठं कुणी उरलं नव्हतं. तिनं नुसती मान हलवली.

"ठरलं तर," पांडू म्हणाला. "मतं तात्यासाहेबांनाच."

प्रितमला हसावं की रडावं कळेना. गाढवापुढं वाचली गीता, असं पुटपुटत तो खाली बसला. पण मत दिलं गावकीनं सांगितलं तिथंच. उद्या घरात लग्न निघालं तर मांडवाला माणसं गावकीचीच लागतात.

महाडला मतमोजणी झाली. शेवटच्या फेरीपर्यंत अनुपमाताई पुढं होत्या. मग वावळकोंडचं मशीन उघडलं आणि तात्यासाहेब काठावर तरले. सगळ्या बाजारानं वावळकोंडच्या नावानं शिमगा केला. अनुपमाताई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "मी त्यांच्या तलावासाठीच भांडणार होते," एवढंच त्या म्हणाल्या.

गुढीपाडव्याला तात्यासाहेब गावात आले. या खेपेला ना हलगी, ना फटाके. माणूस थकलेला दिसत होता. देवळापुढं उभे राहिले आणि, आश्चर्य म्हणजे, त्यांना बोलता येईना. त्या कोडग्या डोळ्यांत पाणी होतं.

"सगळ्यांनी सोडलं मला," शेवटी ते म्हणाले. "माझ्या भावकीनं सोडलं. तुम्ही नाही सोडलंत. आणि मी तुम्हाला काय दिलं? नारळाची भकलं. मला माझीच लाज वाटली हो."

साहेबांना लाज वाटते, हेच मुळात नवीन होतं.

"निकाल लागला तसा मी मंत्रालयात जाऊन बसलो. हातापाया पडलो. जुनी फाइल धूळ खात पडली होती, तिच्यावर सही घेऊनच उठलो. उभ्या जन्मात एक शब्द पाळला, तो तुमच्यासाठी. तलाव मंजूर झाला. मशिनं आजच घेऊन आलोय."

खालच्या वळणावरून दोन पिवळे पोकलेन धुरळा उडवत वर चढत होते.

प्रितमनं टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. मग इकडंतिकडं पाहून हात खाली घेतले. पांडू मटकन पायरीवर बसला. बायका आपापल्या घरांकडं बघत उभ्या राहिल्या.

रंगूबाई काठी टेकत पुढं आली. साहेबांच्या पार समोर येऊन थांबली.

"मेल्या," ती म्हणाली, "त्या तलावाच्या पाण्याखाली आमचंच गाव जातंय. तू कायच करत नायस, म्हणून तर इतकी वर्षं तुला निवडून देत होतो."